थ्रेड : भाजलेली जखम, टाकीतले पाणी आणि वाहते पाणी

१/ माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. १९५५ साली येथे बर्मा-शेल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि खाडीकाठी तेलाच्या टाक्या उभ्या राहिल्या. नोव्हेंबर १९८८ मधील आगीत येथे तीसहून अधिक जीव गेले; ८ ऑगस्ट २०१८ रोजी हायड्रोक्रॅकर विभागातील स्फोटात चाळीसहून अधिक जण जखमी झाले. आगीच्या शेजारी नांदणाऱ्या अशा वस्तीला भाजलेल्या जखमेवरील पाण्याचा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

२/ एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा भाजलेल्या रुग्णांना कित्येक दिवस कोमट पाण्यात ठेवत. त्यामुळे वेदना शमत आणि चिकटलेली पट्टी ओढून काढण्याचे हालही टळत.

३/ विसाव्या शतकात अमेरिकेत ‘हबर्ड टाकी’ आली. ती प्रथम पोलिओग्रस्तांच्या व्यायामासाठी वापरली जाई. पुढे ती भाजलेल्यांच्या कक्षांत रुळली. तिच्यात मृत त्वचा भिजून सुटे आणि आखडलेले सांधे हलवता येत.

४/ परंतु त्वचा ही शरीराची तटबंदी असते. ती जळाली की आत शिरायला जंतूंना वाट मोकळी होते. त्यांतला कुख्यात जंतू म्हणजे स्यूडोमोनास. निळसर-हिरव्या पुवातून तो १८८२ साली फ्रान्समध्ये कार्ल गेसार यांनी वेगळा केला. त्याला ओलावा प्रिय. नळ, मोऱ्या, टाकीच्या फटी येथे तो चिकट थर करून राहतो आणि जंतुनाशकालाही सहजी दाद देत नाही.

५/ टाकीत एका जखमेतला जंतू त्याच रुग्णाच्या साऱ्या जखमांवर पसरे. टाकी नीट निर्जंतुक झाली नाही, तर पुढच्या रुग्णापर्यंतही पोहोचे. १९९२ साली कॅनडातील संशोधकांनी या जंतूच्या प्रसाराचा जलोपचाराशी असलेला संबंध मांडला. अनेक रुग्णालयांनी टाकी सोडून उतरत्या मेजावर शॉवरने जखम धुण्याची पद्धत स्वीकारली. वापरलेले पाणी वाहून जाते, हाच तिचा गुण. मात्र शॉवर आणि नळही स्वच्छ राखावे लागतात.

६/ ओलावा हवा, पण जंतू नकोत, या पेचावर मुंबईने स्वतःचा उपाय शोधला. १९८५ साली वाडिया रुग्णालयाचे डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्ट्या वापरल्या. या पट्ट्या स्वस्त असत, जखमेला चिकटत नसत आणि वापरण्यापूर्वी वाफेने निर्जंतुक केल्या जात.

७/ घरच्या प्रथमोपचारात पाण्याचे स्थान अबाधित आहे. भाजलेला भाग लगेच नळाच्या थंड, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नये. भाजलेले क्षेत्र मोठे असल्यास अंग गारठू न देता, स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालय गाठावे. वाहते पाणी नसल्यास बादलीतल्या किंवा टबातल्या स्वच्छ, थंड पाण्यात भाजलेला भाग बुडवला तरी चालतो.