हौशी कॅमेऱ्यातले आयर्लंड : एक प्रस्तावना

आयर्लंडचे जे रूप जगाला पाठ झाले आहे, ते बरेचसे विकण्यासाठी घडवलेले आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉन हाइंड या इंग्रज छायाचित्रकाराने डब्लिनमध्ये रंगीत पोस्टकार्डांचा व्यवसाय मांडला. निळेशार आभाळ, गवताने शाकारलेली पांढरी घरे, दलदलीतून खणलेल्या पीट या जळणाच्या टोपल्या लादलेले गाढव आणि त्याच्या दोन बाजूंना लाल केसांची दोन मुले. अशी कार्डे लाखोंनी खपली. छपाईत रंग भडक केले जात, आणि चित्राचा पुढचा भाग ओका वाटला तर रोडोडेंड्रॉनच्या फांद्या कापून तिथे ठेवल्या जात. हे झुडूप मुळात आयर्लंडचे नव्हेच. किलार्नीच्या ओकच्या रानात त्याने एवढे पाय पसरले आहेत की त्याच्या दाट सावलीत ओकची रोपे तग धरत नाहीत. ते उपटून काढण्याचे काम तिथे वर्षानुवर्षे चालू आहे.

हाइंडची कारागिरी पहिल्या प्रतीची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याचे चित्र पाहणारा बाहेरचा होता. एकदा येऊन परत जाणाऱ्या पाहुण्याला रोडोडेंड्रॉन सुंदर दिसणारच. त्याच रानात दर हिवाळ्यात फिरणाऱ्याला मात्र त्याखालची उघडी पडलेली जमीन दिसते. हौशी छायाचित्रकार हा असा दर हिवाळ्यात फिरणारा माणूस. त्याला ठराविक दिवशी चित्र हातावेगळे करायचे नसते, म्हणून तो त्याच किनाऱ्यावर, त्याच पुलावर पुन्हा जाऊ शकतो. आयर्लंडमधल्या हौशी छायाचित्रणाचा अभ्यास का करावा, याचे माझे उत्तर या पुन्हा जाण्यात आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने चित्र किती देखणे आहे, यापेक्षा छायाचित्रकार त्या जागी कितव्यांदा उभा असावा, हे आधी पाहावे.

परंपरा जुनी आहे. डब्लिन फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ आयर्लंड या नावाने आजतागायत चालू राहिली. त्याच वर्षी मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना हा छंद एकदमच रुजला. आयर्लंडमध्ये तो आधी जमीनदारांच्या वाड्यांत रुजला, कारण रसायने, काचा आणि मोकळा वेळ हे सगळे तिथेच होते. बर कॅसलच्या मेरी रॉस यांनी पतीच्या प्रचंड दुर्बिणीची छायाचित्रे घेतली. सोसायटीने १८५९ मध्ये त्यांना रौप्यपदक दिले आणि त्यांची डार्करूम अजून टिकून आहे. गॉलवे परगण्यातल्या क्लॉनब्रॉकच्या डिलन कुटुंबाने तर आवारात छायाचित्रणासाठी वेगळी इमारतच बांधली. ही चित्रे बघताना एक भान हवे. आयर्लंडमधल्या महादुष्काळाला तेव्हा जेमतेम काही वर्षे लोटली होती. कोणाच्या हातात कॅमेरा होता आणि कोण त्याच्यापुढे उभे होते, हे त्या काळात जमिनीच्या मालकीनेच ठरत असे.

या प्रश्नाची सर्वांत प्रामाणिक नोंद एका नाटककाराने करून ठेवली आहे. जे. एम. सिंग १८९८ पासून अ‍ॅरन बेटांवर जाऊ लागले आणि कॅमेरा बाळगू लागले. बेटावरचा त्यांचा तरुण मित्र, या बेटांवरच्या आपल्या पुस्तकात ज्याला ते मायकेल म्हणतात, आपला फोटो गॉलवेहून आणलेल्या ठेवणीतल्या कपड्यांत काढा म्हणून हटून बसला. सिंग यांना तो घरी विणलेल्या जाड लोकरी कपड्यांतच हवा होता. मायकेलला त्या कपड्यांत मागासलेपणाची खूण दिसत होती, सिंग यांना तेच शोभून दिसत होते. दोघांचे जवळजवळ भांडणच झाले. सिंग यांनी हे लपवले नाही, लिहून ठेवले. आज पश्चिम किनाऱ्यावर कुणा कोळ्याचा फोटो घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचलेला असावा, असे मला मनापासून वाटते.

फादर फ्रान्सिस ब्राउन (१८८०–१९६०) यांच्याकडे मात्र थोडे अधिक थांबून पाहायला हवे. त्यांचे काका क्लॉइनचे बिशप होते. पहिला कॅमेरा त्यांनीच दिला, आणि एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकवरचा साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाउन हा छोटा प्रवासही त्यांनीच घडवला. बोटीवरच्या एका श्रीमंत जोडप्याने पुढे न्यूयॉर्कपर्यंतचे भाडे देऊ केले होते. वरिष्ठांची तार आली, उतरून या. ते उतरले, आणि त्यांच्या फिल्मवर बोटीतले शेवटचे दिवस शिल्लक राहिले. जगाला ब्राउन एवढेच ठाऊक आहेत. माझ्या लेखी त्यांचे मोठे काम नंतरचे आहे. धर्मकार्यासाठी गावोगाव फिरताना या जेझुइट पाद्र्याने आयर्लंडमधल्या शाळा, बंदरे, बाजार, रेल्वे फलाट, कारखाने टिपले. बेचाळीस हजारांच्या आसपास निगेटिव्ह एका ट्रंकेत पडून होत्या. त्या १९८५ मध्ये सापडल्या. पुष्कळशा नायट्रेट फिल्मवर होत्या, म्हणजे हळूहळू नासत होत्या. त्यांच्या प्रती वेळेवर निघाल्या म्हणून आज आपण त्या पाहू शकतो.

आता प्रकाशाविषयी. मुंबई-पुण्याच्या सवयीचा डोळा आयर्लंडमध्ये प्रथम इथेच अडखळतो. डब्लिन ५३ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांच्या वर असतो. आपल्याकडे जो तिरका, सोनेरी उजेड सकाळ-संध्याकाळ तासभर मिळतो, तो तिथे हिवाळ्यात आभाळ उघडले तर दिवसभर राहतो, फक्त दिवसच साडेसात तासांचा असतो. जूनमध्ये उलट, दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतो. अटलांटिकवरून सरी येतात आणि जातात. त्यांच्यामधल्या फटीत डोंगर पाच मिनिटे उजळतो. विकलोत किंवा कॉनेमारात चांगला फोटो मिळतो तो या फटीची वाट पाहणाऱ्याला, आणि वाट पाहणे ज्याला परवडते तो बहुधा जवळपास राहणारा असतो.

निसर्ग आणि शहर यांची वेगवेगळी प्रकरणे पाडण्याची पद्धत आहे. डब्लिनचे बुल आयलंड ही पद्धत मोडून काढते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंदरात गाळ साचू नये म्हणून नॉर्थ बुल वॉल हा बांध घातला गेला. त्याच्या आडोशाने वाळू साठत गेली आणि दोनशे वर्षांत पाच किलोमीटर लांबीचे बेट तयार झाले. १९३१ मध्ये ते पक्षी-अभयारण्य झाले, १९८१ मध्ये युनेस्कोचे जीवावरण क्षेत्र. ऑक्टोबरात कॅनडाच्या आर्क्टिक भागातून ब्रेंट गीज हे लहानखुरे, काळ्या डोक्याचे रानहंस इथे उतरतात. खाडीतले सागरी गवत संपले की ते शहरातल्या फुटबॉलच्या मैदानांवर चरायला जातात. त्यामुळे एकाच फ्रेममध्ये आर्क्टिकचा पक्षी, गोलपोस्ट आणि मागे पूलबेग वीजकेंद्राची २०७ मीटर उंचीची लाल-पांढरी धुराडी येऊ शकतात. काही पक्ष्यांच्या पायांत अक्षरे असलेली रंगीत कडी असतात. टेलिफोटो लेन्सने ते अक्षर स्वच्छ आले आणि सोबत तारीख असली, तर तो फोटो स्थलांतराच्या अभ्यासात पुरावा म्हणून उभा राहतो. छंद आणि विज्ञान यांच्यातले अंतर इतके कमी झालेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

जवळ जाण्याला मर्यादा आहे. आयर्लंड प्रजासत्ताकात १९७६च्या वन्यजीव कायद्याखाली, घरट्यावर किंवा घरट्यापाशी असलेल्या संरक्षित पक्ष्याचे छायाचित्र घ्यायला परवाना लागतो. फिनिक्स पार्कमधली फॅलो हरणे सतराव्या शतकापासून तिथे आहेत. फोटोसाठी गाजरे दाखवून त्यांना जवळ बोलावणे हा त्यांचा स्वभाव बिघडवण्याचा मार्ग आहे. ५० मीटर अंतर ठेवा, असे उद्यानाचे सांगणे आहे. ते पाळावे, आणि हरीण फ्रेममध्ये लहान दिसले तर दिसू द्यावे.

शहराच्या चित्रांची सुरुवात डब्लिनच्या टेंपल बारमधल्या, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या छायाचित्र संग्रहालयापासून करावी. विल्यम लॉरेन्स यांच्या दुकानासाठी मुख्यतः रॉबर्ट फ्रेंच यांनी देशभर फिरून काढलेल्या सुमारे चाळीस हजार काचेच्या निगेटिव्ह राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आहेत. हे काम धंद्याचे होते, हौशी नव्हे; पण आपल्या गल्लीचा आजचा फोटो काढणाऱ्याला तिथली शंभर वर्षांपूर्वीची गल्ली त्यांच्याकडेच मिळते. ग्रंथालयाने २०११ पासून जुनी चित्रे लोकांपुढे मांडली, तेव्हा दुकानाची पाटी, ट्रामचा क्रमांक, भिंतीवरची सावली यांवरून वाचकांनीच ठिकाणे आणि तारखा शोधून काढल्या. म्हणून नव्या छायाचित्रकाराकडे माझे एकच मागणे आहे : प्रत्येक चित्राखाली तारीख आणि टाउनलँडचे नाव लिहा. टाउनलँड म्हणजे तिथल्या जमिनीचा स्वतःचे नाव असलेला सर्वांत छोटा तुकडा. संपूर्ण आयर्लंड बेटावर असे साठ हजारांहून अधिक आहेत. नुसते ‘कॉनेमारा’ लिहिलेला फोटो पुढच्या अभ्यासकाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

एक दालन अजून जवळपास रिकामे आहे. कडे, किल्ले, पफिन यांची चित्रे अमाप झाली. देशाच्या मध्यभागातल्या पीटच्या दलदलींकडे कॅमेरे कमी वळले. सरकारी पीट कंपनीने २०२१ मध्ये तिथली खोदाई बंद केल्याचे जाहीर केले. आता चर बुजवून पाणी पुन्हा साठवले जात आहे, आणि तपकिरी उघड्या जमिनीवर शेवाळ परतते आहे. लीश परगण्यातली अ‍ॅबीलीक्सची दलदल गावकऱ्यांनी खोदाईपासून वाचवली. तिच्यावरून चालायला लाकडी फळ्यांची वाटही आहे. या वाटेवर एक जागा निवडून दर महिन्याला तिथूनच, त्याच दिशेने एक चित्र घ्यावे. या कामाला महागडी लेन्स लागत नाही. तिच्या जवळपास राहणाऱ्या कुणीही, मग तो तिथे जन्मलेला असो वा नोकरीनिमित्त नाशिकहून आलेला, या महिन्यातच सुरुवात करावी.