वारा मोजायला गेले आणि पाण्याने गाठले

चक्रीवादळात माणसे कशामुळे मरतात, असा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेक मुले ‘वाऱ्यामुळे’ असे उत्तर देतील. झाडे उन्मळतात, पत्रे उडतात, भिंती कोसळतात, हे त्यांनी वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत पाहिलेले असते. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. किनाऱ्यावरील मोठ्या वादळांचा इतिहास चाळला तर बळींचा सर्वांत मोठा आकडा वाऱ्याच्या नव्हे, समुद्राच्या पाण्याच्या खाती मांडावा लागतो. ज्यांचे कामच वादळ मोजण्याचे होते, त्यांनाही ही गोष्ट जिवावरच्या प्रसंगातून शिकावी लागली. अशा तीन प्रसंगांचा येथे विचार करू. अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून म्हणतात, ते म्हणजे आपले चक्रीवादळच, एवढे आधी लक्षात ठेवावे.

पहिला प्रसंग १९०० सालचा. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यालगत गॅल्व्हेस्टन नावाचे वाळूचे लांबट बेट आहे. त्यावरील शहराची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून तीन मीटरही नव्हती. तेथील हवामान कार्यालयाचे प्रमुख होते आयझॅक क्लाइन. शहराला वादळापासून मोठा धोका आहे ही भीती निराधार आहे, असे त्यांनी १८९१ साली स्थानिक वृत्तपत्रात लिहिले होते. ८ सप्टेंबर १९०० च्या सकाळी मात्र त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. वारा उत्तरेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. अशा वाऱ्याने पाणी मागे हटायला हवे. ते उलट चढत होते.

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास कार्यालयावरील वायुवेगमापक उडून गेला. त्याआधी त्याने ताशी सुमारे १६० किलोमीटर वेग नोंदवला होता. साडेसातच्या सुमारास पाण्याची पातळी चारेक सेकंदांत चार फुटांनी वाढल्याचे क्लाइन यांनी नंतर आपल्या अहवालात नोंदवले. त्यांचे घर भक्कम म्हणून सुमारे पन्नास माणसे तेथे आश्रयाला आली होती. घर कोसळले आणि त्यांपैकी केवळ अठरा वाचली. क्लाइन वाचले, त्यांच्या पत्नी मात्र बुडाल्या. शहरात व आसपास किमान सहा हजार माणसे मेली, कदाचित त्याहून बरीच अधिक. आपण लिहिलेले चुकले हे एखाद्या शास्त्रज्ञाला इतक्या क्रूर रीतीने क्वचितच कळले असेल. पुढे क्लाइन यांनी वादळाबरोबर चढणाऱ्या पाण्याचाच अभ्यास केला आणि १९२० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

हे पाणी चढते कशाने? कारणे मुख्यतः दोन. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तेथे समुद्राचा पृष्ठभाग वर उचलला जातो. दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते, असा ठोकताळा आहे. पण खरे काम वारा करतो. तो तासन्‌तास पाणी ढकलत राहतो. खोल समुद्रात ढकललेले पाणी खालून परत फिरते. उथळ किनाऱ्यावर त्याला परतायला जागा नसते, म्हणून ते साचत जाते आणि जमिनीवर येते.

वर्गात याचा प्रयोग करता येतो. उथळ परातीत अर्धा-एक सेंटिमीटर पाणी घ्यावे आणि एका बाजूने टेबलपंख्याचा झोत सोडावा (पंखा पाण्यापासून दूर ठेवावा). पाणी पलीकडच्या कडेला जमते आणि अलीकडचा तळ उघडा पडू लागतो. भरलेल्या बादलीवर तोच झोत सोडला तर केवळ तरंग उठतात.

दुसरा प्रसंग २ सप्टेंबर १९३५ चा. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी छोट्या बेटांची माळ आहे. त्यांपैकी लाँग की या बेटावरील मासेमारीच्या तळाची देखरेख जे. ई. ड्युएन यांच्याकडे होती, आणि हवामान खात्यासाठी निरीक्षणेही ते घेत. त्या रात्री तळावरील वीस माणसे उरलेल्या एका घरात गोळा झाली होती. नऊच्या पुढे वारा एकाएकी थांबला. आकाशात तारे दिसू लागले. वादळाचा डोळा बेटावर आला होता. ही शांतता सुमारे ५५ मिनिटे टिकली, आणि नेमक्या याच शांततेत समुद्र वर येऊ लागला. ड्युएन बाहेर होते. विजेरीच्या उजेडात त्यांना पाण्याच्या भिंती दिसल्या. घरापर्यंत पोहोचेतो पाणी कमरेला लागले, आणि थोड्याच वेळात घर पायासकट उचलले जाऊन तरंगू लागले.

मग विरुद्ध दिशेचा वारा सुटला. घर मोडत असतानाही ड्युएन यांनी वायुभारमापकावर नजर टाकून आकडा वाचला. त्यानंतर ते यंत्र पाण्यात पडले आणि ते स्वतःही समुद्रात फेकले गेले. एका माडाच्या झावळ्यांत ते अडकले आणि बेशुद्ध झाले. पहाटे अडीचच्या सुमारास शुद्ध आली तेव्हा ते जमिनीपासून वीस फूट उंचीवर होते. पाणी ओसरले होते. तरंगत गेलेले घर पुन्हा बेटावर येऊन टेकले होते आणि आतील माणसे सुखरूप होती.

सर्वत्र मात्र असे दैव नव्हते. या वादळाने चारशेहून अधिक बळी घेतले. लोकांना सोडवायला निघालेल्या आगगाडीचे डबेही पाण्याने रुळांवरून ढकलून दिले. जवळच्या क्रेग की येथे ८९२ मिलिबार इतका कमी दाब नोंदला गेला. नेहमीच्या दाबापेक्षा तो सुमारे १२० मिलिबारने कमी होता. आपल्या ठोकताळ्याने यातून पाणी सव्वा मीटरच्या आसपास चढायला हवे. प्रत्यक्षात ते साडेपाच मीटरांच्या घरात चढले. उरलेला भाग वाऱ्याचा आणि लाटांचा. हे साधे गणित विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखे आहे.

१९४३ साली गॅल्व्हेस्टनच्याच परिसरात एक विमान प्रथमच मुद्दाम हरिकेनच्या डोळ्यात नेण्यात आले. पुढे उपग्रहही आले. तरीही वादळ जमिनीवर येते त्या क्षणीचा दाब तेथे कोणी यंत्र घेऊन उभा असल्याशिवाय नेमका कळत नाही. म्हणून काही माणसे आजही वादळाच्या वाटेवर जाऊन थांबतात. जॉश मॉर्गरमन हे त्यांपैकी प्रसिद्ध नाव. २०१५ साली मेक्सिकोत ‘पट्रिशिया’ हरिकेन धडकले तेव्हा त्यांनी ९३७.८ मिलिबार दाब नोंदवला. वादळ किनाऱ्यावर आले तेव्हा केंद्रातील दाब ९२० मिलिबार असावा असा आधीचा अंदाज होता. नंतरच्या अधिकृत अहवालात तो ९३२ असा सुधारला गेला आणि त्यात या नोंदीचा उपयोग झाला.

तिसऱ्या प्रसंगातही मॉर्गरमन होते. फिलिपिन्समधील टॅक्लोबान शहरात ८ नोव्हेंबर २०१३ च्या सकाळी ‘हैयान’ टायफून आला. मॉर्गरमन, जेम्स रेनॉल्ड्स आणि त्यांचा एक सहकारी काँक्रीटच्या एका बहुमजली हॉटेलात थांबले होते. इमारत वाऱ्याला पुरून उरली. पण समुद्राचे पाणी रस्त्यांवरून आत शिरले आणि तळमजल्यावरील खोल्यांत माणसे अडकली. तेव्हा या पाठलागकर्त्यांनी मोजमाप व चित्रण सोडले, पाण्यात उतरले आणि गाद्यांचे तराफे करून म्हाताऱ्यांना व मुलांना जिन्यापर्यंत आणले. यात एकाच्या पायाला पाण्याखालच्या धातूने खोल जखम झाली. वरचे मजले होते म्हणून सगळे तगले.

शहरातील हजारोंना वरचा मजला नव्हता. देशात सहा हजारांहून अधिक माणसे मेली. टॅक्लोबानसमोरचा उपसागर उथळ आणि निमुळता आहे. तेथे पाणी पाच-सहा मीटर चढले. धोक्याची सूचना मात्र दिलेली होती. हवामान खात्याच्या इशाऱ्यात पाणी सात मीटरपर्यंत चढू शकेल असे म्हटले होते. त्यासाठी ‘स्टॉर्म सर्ज’ हा इंग्रजी शब्द वापरला होता. त्याचा अर्थच आम्हाला कळला नाही, त्सुनामी म्हटले असते तर पळालो असतो, असे वाचलेल्या अनेकांनी नंतर सांगितले. १८९७ साली याच किनाऱ्यावर असेच पाणी आले होते, पण ती आठवण पुसली गेली होती.

आम्हाला या साऱ्यात शिक्षकांचे काम दिसते. आपल्याकडेही या पाण्यासाठी सर्वांच्या तोंडी असलेला शब्द नाही. ‘वादळी लाट’ म्हटले की एक लाट येईल आणि जाईल असे वाटते. हे पाणी तर तासन्‌तास चढते. कोकणातील मुलांना उधाण माहीत असते. म्हणून आम्ही ‘वादळी उधाण’ हा शब्द सुचवतो. फरक एवढाच सांगावा, की नेहमीचे उधाण अमावास्या-पौर्णिमेला येते, वादळी उधाण तिथी पाहत नाही. दोन्ही एकाच वेळी आली तर धोका वाढतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हाही इशाऱ्यात वाऱ्याबरोबर भरतीच्या वर चढणाऱ्या पाण्याचा उल्लेख होता.

वाऱ्यापासून वाचण्यासाठी पक्क्या भिंतींचा आडोसा पुरतो. पाण्यापासून वाचण्यासाठी मात्र वेळेवर उंच जागी जावे लागते. आपली शाळा भरतीच्या रेषेपासून किती उंचीवर आहे आणि गावातील सर्वांत जवळची उंच जागा कोणती, हे किनाऱ्यावरील प्रत्येक वर्गाने मोजून फळ्याशेजारी लिहून ठेवावे.