शेतातली हरळी, अंगणातली हिरवळ

गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, तेच गवत काळ्या रानात उगवले की शेतकरी त्याला हरळी म्हणतो आणि त्याच्या काशा वेचून बांधावर जाळतो. शास्त्रीय भाषेत याचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. उष्ण प्रदेशांतल्या असंख्य घरांपुढची हिरवळही याच गवताची किंवा त्याच्या संकरित भावंडांची असते. शेतकऱ्याचा हा वैरी बागेत मानाने कसा आला, ही कथा मोठी उद्‌बोधक आहे.

घरापुढे कापलेले गवत राखण्याची हौस इंग्लंडमध्ये वाढली. तिथली हवा थंड, पाऊस जवळजवळ वर्षभर. तरीही गवत हाताने कापायला अनेक मजूर लागत, म्हणून हिरवळ ही श्रीमंतांचीच मिरास होती. 1830 साली स्ट्राउड या गावातल्या एडविन बडिंग या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरचे तंतू सारखे करणारे फिरत्या पात्यांचे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते. तेच तत्त्व त्याने जमिनीवर आणले. पुढे अशी यंत्रे सर्वत्र झाली आणि हिरवळ मध्यमवर्गाच्या अंगणात आली.

हीच हौस अमेरिकेच्या दक्षिण भागात पोहोचली, तेव्हा अडचण आली. थंड हवेतली गवते तिथल्या कडक उन्हाळ्यात माना टाकत. त्याच उन्हात हरळी मात्र फोफावत होती. तिथे तिला बर्म्युडा गवत म्हणतात, पण ती मूळची बर्म्युडा बेटांवरची नव्हे. ती जुन्या जगातूनच तिकडे गेली. जॉर्जियातले कापूस पिकवणारे शेतकरीही आपल्या शेतकऱ्यांसारखेच तिच्या नावाने बोटे मोडत.

एकच ऊन एका गवताला मारक आणि दुसऱ्याला पोषक का ठरते? याचा पहिला धागा मोजमापातून मिळाला. ब्रिग्ज आणि शांट्झ या शास्त्रज्ञांनी कोलोरॅडोतील ॲक्रन येथे कुंड्यांमध्ये वनस्पती वाढवून त्यांनी किती पाणी घेतले ते मोजले. 1913-14 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार, एक किलो सुके वजन तयार करायला ज्वारीला सुमारे 300 किलो पाणी लागले, गव्हाला सुमारे 500 आणि लसूणघासाला 800 हून अधिक. या फरकाचे कारण त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते.

उत्तर अर्ध्या शतकानंतर उसातून आले. हवाईत कोर्टशाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, व नंतर ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांना असे दिसले की, उसाच्या पानात कार्बन प्रथम चार कार्बन अणूंच्या आम्लात बांधला जातो. हॅच व स्लॅक यांनी 1966 मध्ये हा मार्ग मांडला. गव्हासारख्या वनस्पतींत कार्बन डायॉक्साइड पकडणारे विकर उष्णतेत वरचेवर चुकून ऑक्सिजन पकडते आणि ऊर्जा वाया जाते. ऊस, ज्वारी, हरळी यांच्या पानात कार्बन डायॉक्साइड आतल्या पेशींत पंपासारखा साठवला जातो, त्यामुळे ही चूक जवळपास टळते. पर्णरंध्रे फारशी न उघडताही भागते, म्हणून पाणी वाचते. पंपाला मात्र ऊर्जा लागते. थंडीत हा व्यवहार परवडत नाही आणि हरळी मंदावते.

हरळीला प्रतिष्ठा दिली ती ग्लेन बर्टन यांनी. 1936 साली ते जॉर्जियातल्या टिफ्टन येथे चाऱ्याच्या गवतांवर काम करायला आले. शेतकऱ्यांच्या या वैऱ्यातूनच त्यांनी गुरांसाठी उत्तम वाण काढले. नंतर 36 गुणसूत्रांची हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतील 18 गुणसूत्रांची तिची बारीक पात्याची बहीण यांच्या संकरांतून हिरवळीची वाणे निवडली. 27 गुणसूत्रांच्या अशा संकराला बी धरत नाही. तो खोडाच्या तुकड्यांनीच लावावा लागतो. 1960 मध्ये आलेले ‘टिफवे’ हे वाण असेच. याच बर्टन यांनी बाजरीची नर-वंध्य ओळ तयार केली होती. ती वापरून 1965 साली भारतातला पहिला संकरित बाजरा, एचबी-1, तयार झाला. तण आणि धान्य एकाच संशोधकाच्या हाताखालून गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हिरवळीची निगा राखण्याचे नियमही प्रयोगांतूनच आले. गवताचा वाढीचा बिंदू जमिनीलगत असतो, म्हणून ते कापणी सोसते. पण 1955 मध्ये क्रायडर यांनी दाखवले की, एकाच वेळी निम्मा किंवा त्याहून अधिक पाला काढला तर मुळांची वाढ काही दिवस थांबते. म्हणून एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक पाते कापू नये. रोज थोडे पाणी शिंपडले तर मुळे वरच राहतात. काही दिवसांनी, पण खोलवर दिलेले पाणी त्यांना खाली नेते.

विद्यार्थ्यांना हे सहज पाहता येईल. हरळीच्या दोन सारख्या कुंड्यांपैकी एकीचे गवत आठवड्याला मुळाशी छाटावे, दुसरीचे फक्त शेंडे कापावेत. महिन्या-दोन महिन्यांनी माती धुऊन मुळांची तुलना करावी.

शेवटी एक गोष्ट. हरळी कमी पाण्यात जगते, पण सदाहरित दिसण्यासाठी तिलाही पाणी लागतेच. उन्हाळ्यात ती पिवळी पडली तरी मेलेली नसते. जमिनीखालच्या काशा पावसाची वाट पाहत असतात. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, तिथे अंगण चार महिने पिवळे राहू देणे हीसुद्धा हिरवळीची शास्त्रीय निगाच आहे.