नौपाड्याच्या छपरांवरून दिसलेला रोबो

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ठाण्याच्या नौपाड्यातल्या छपरांवर अँटेनांचं रान माजलं. घंटाळी, विष्णुनगर, राम मारुती रोडच्या मागच्या गल्ल्या हा सगळा तेव्हा एक-दोन मजली घरांचा आणि बैठ्या चाळींचा भाग. मजल्यावर एखाद्याच घरात टीव्ही असायचा, आणि ‘गजरा’, ‘छायागीत’, शनिवारचा मराठी चित्रपट बघायला त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. याच पडद्यावर ऐंशीच्या दशकात एक जपानी यंत्रमानव आला. इजिप्तच्या राजासारखं शिरस्त्राण, निर्विकार चेहरा, बोटांतून सुटणारी क्षेपणास्त्रं. मुलं त्याला ‘जायंट रोबोट’ म्हणत.

मूळ जपानी मालिका ऑक्टोबर १९६७ ते एप्रिल १९६८ या काळातली, एकूण २६ भागांची, तोएई कंपनीने काढलेली. ती चित्रांची नव्हती. हाडामांसाची माणसं आणि रबराचे राक्षस तिच्यात होते. तिची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत तयार झाली आणि तिच्यावाटे रोबो आपल्याकडे पोचला. कथा मुलांना लगेच समजे. गार्गॉइल टोळीच्या ताब्यातल्या एका शास्त्रज्ञाने घडवलेला रोबो मनगटी घड्याळातून दिलेला हुकूम ऐकतो, आणि पहिला हुकूम ज्याच्या आवाजात कानी पडेल त्याचाच तो कायमचा. तो आवाज ठरतो जॉनी नावाच्या शाळकरी मुलाचा. खरी घड्याळं वडिलांच्या हातात असत, तरी गल्लीबोळांतली मुलं रिकामं मनगट तोंडाशी धरून रोबोला बोलावत.

आज पाहिलं तर त्या मालिकेतले दोष डोळ्यांत खुपतात. जवळपास प्रत्येक भागाचा साचा तोच: राक्षस येतो, शहर पडतं, जॉनी संकटात सापडतो, रोबो धावतो. शाळकरी पोराच्या हातात पिस्तूल देताना कुणाला काही वाटत नाही. राक्षसाच्या पाठीवरची शिवण दिसते. पण शेवटच्या भागाने हे सगळं भरून निघतं. परग्रहावरच्या सम्राट गिलोटिनचं शरीर अणुऊर्जेनेच भरलेलं असतं. त्याच्यावर मारा केला तर पृथ्वीच उडेल. तेव्हा रोबो त्याला मिठीत घेऊन अवकाशात झेपावतो. जॉनी परत ये म्हणून ओरडत राहतो आणि रोबो आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हुकूम मोडतो. लहान मुलांच्या मालिकेने मरण इतकं सरळ दाखवणं त्या काळच्या टीव्हीवर विरळाच होतं.

हा रोबो ज्याच्या चित्रकथेतून आला तो मित्सुतेरू योकोयामा १९३४ साली कोबे शहरात जन्मला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी ते शहर बेचिराख केलं, तेव्हा तो अवघा दहा-अकरा वर्षांचा होता. १९५६ साली त्याने ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा सुरू केली: युद्धासाठी बनवलेला लोखंडी दैत्य युद्ध संपल्यावर एका मुलाच्या हाती येतो. नियंत्रक ज्याच्या हातात, दैत्य त्याचा; चोराच्या हातात गेला तर चोराचा. यंत्राला स्वतःचं चांगलं-वाईट नसतं, ही गोष्ट योकोयामा आयुष्यभर सांगत राहिला. १९९५ च्या भूकंपात कोबे पुन्हा कोसळलं. २००९ साली तिथल्या नागाता भागात तेत्सुजिनचा भव्य पुतळा उभा राहिला, तो त्या पडझडीतून सावरल्याची खूण म्हणून.

नौपाड्यातले प्रेक्षक कॉलेजात किंवा नोकरीला लागले होते, त्या सुमारास जपानमध्ये रोबो ॲनिमे, म्हणजे चित्रांची मालिका, होऊन परतला. दिग्दर्शक यासुहिरो इमागावाने जुलै १९९२ ते जानेवारी १९९८ या काळात थेट व्हिडिओ कॅसेटवर सात भाग काढले. एक अडचण मात्र पहिल्यापासून होती. टीव्ही मालिकेतली जॉनीभोवतीची पात्रं वापरायची परवानगी इमागावाला मिळाली नाही. मग त्याने योकोयामाच्या इतर चित्रकथांमधून माणसं उचलली. ‘शुइहू’ या जुन्या चिनी कादंबरीवरच्या चित्रकथेतले बंडखोर इथे आंतरराष्ट्रीय पोलीस झाले. ‘तीन राज्यां’च्या कथेतला धूर्त सल्लागार कोमेई खलनायकाच्या पदरी आला. मालिकेची सगळी श्रीमंती या अडवणुकीतून जन्मली, आणि तिचे बरेचसे दोषही.

श्रीमंती आधी. तलावपाळीच्या काठी १९७८ पासून उभ्या असलेल्या गडकरी रंगायतनात संगीत नाटक पाहिलेल्या ठाणेकराला या मालिकेचा बाज परका वाटणार नाही. पात्र येतं ते टाळी घेऊन, नाव-बिरुद सांगून. मरणारा आपलं मनोगत पुरतं बोलूनच डोळे मिटतो. मासामिची आमानोचं संगीत वॉर्साच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने वाजवलं आहे आणि त्या सुरावटींपुढे साधी मारामारीही महाकाव्यातली होते. हाताने रेखाटलेल्या चित्रांत एवढा भार, एवढं पोलाद क्वचितच कुणी उतरवलं असेल. रोबो पाऊल टाकतो तेव्हा त्याचं वजन जाणवतं.

त्याहून मोलाचा आहे तो मालिकेच्या पोटातला प्रश्न. भविष्यातल्या या जगाने तेल आणि अणुऊर्जा दोन्ही सोडून ‘शिझुमा ड्राइव्ह’ नावाची स्वच्छ, पुन्हा पुन्हा वापरता येणारी ऊर्जा स्वीकारली आहे. एक प्रचंड गोलाकार यंत्र ती ऊर्जा बंद पाडतं. पॅरिस अंधारात बुडतं आणि चालू राहतो तो एकटा रोबो, कारण त्याच्या पोटात जुनी, सगळ्यांना नको झालेली अणुभट्टी आहे. ठाण्याच्या प्रेक्षकाला हे दूरचं नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झालं, आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तारापूर ठाणे जिल्ह्यातच होतं. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत दिवे झगमगत असताना ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांनी भारनियमन सोसलं. वीज गेली की काय काय थांबतं, हे इथल्या माणसाला मालिकेने शिकवायला नको.

या ऊर्जेच्या भांडणातच बाप-लेकांची गोष्ट गुंफलेली आहे. बारा वर्षांच्या दाईसाकूला वडिलांनी रोबो दिला आणि एक अवघड सवालही मागे ठेवला: कुणाचा बळी न देता सुख मिळवता येतं का? उलट बाजूला उभा असलेला गेन्या बदनाम होऊन मेलेल्या बापाची इच्छा पुरी करायला निघाला आहे, पण ती इच्छा त्याला उलटीच समजली आहे. हा उलगडा होतो तेव्हा खलनायकाचा राग उरत नाही. एवढ्या उंचीचा शेवट लिहिणारे लेखक मोठ्यांच्या विज्ञानकथेतही थोडेच.

दोषही तितकेच ठळक आहेत. पहिल्या दोन भागांत पात्रं आणि बिरुदं इतकी अंगावर येतात की योकोयामा न वाचलेला प्रेक्षक गोंधळतो. मोक्याच्या क्षणी कुणीतरी थांबून विज्ञान समजावत बसतो. दाईसाकू नावाला नायक. मधल्या भागांत तो नुसता बघत आणि रडत राहतो. महत्त्वाची स्त्री एकच, गिनरेई, आणि तिच्याही वाट्याला त्यागच येतो. इमागावाने ही कथा एका मोठ्या गाथेचा उत्तरार्धाकडचा तुकडा म्हणून रचली होती. बाकीची गाथा कधी निघालीच नाही, त्यामुळे पेरलेले कित्येक धागे लोंबकळत राहिले. सहाव्या आणि सातव्या भागात तर दोन वर्षांहून अधिक खंड पडला.

योकोयामा २००४ साली गेला. २००७ मध्ये रोबोच्या चाळिशीनिमित्त १३ भागांची आणखी एक मालिका निघाली. ती चकचकीत आहे, पण तिच्यात ना कोबेची राख आहे ना इमागावाची रंगभूमी. गोखले रोडच्या आसपास उभ्या राहिलेल्या टॉवरांत आज पन्नाशीला आलेल्या त्या जुन्या प्रेक्षकाने बघायचे तर १९९२ ते १९९८ चे सात भागच बघावेत, आणि नावांच्या गर्दीला न कंटाळता पॅरिसचे दिवे जाईपर्यंत धीर धरावा. कथा खरी पकड घेते ती तिथून.