वॉल्डनकाठचे दुकान

मुंबईस गेलो म्हणजे फोर्टातल्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी तासभर उकिडवे बसल्याखेरीज माझे पाऊल पुढे पडत नाही. मागे तेथे एक इंग्रजी रहस्यकथा पन्नास रुपयांस घेतली. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या शिदोरीवरचे, बेताचेच. पण पाठीवर चिकटलेल्या किमतीच्या चिठ्ठीवरचे नाव वाचता आले : वॉल्डनबुक्स. थोरोच्या तळ्याचे नाव, आणि दुकानाला! दुर्गाबाई भागवतांनी ज्याचे पुस्तक मराठीत आणले तो हा थोरो, गरजा कमी करा म्हणून सांगणारा. त्याच्या तळ्याकाठी दुकान कोणी मांडले, म्हणून शोध घेऊ लागलो, तो एका बड्या घराण्याची कुळकथाच हाती आली.

मौज अशी की, हे मुळी दुकान नव्हतेच. १९३३ साली, मंदीच्या दिवसांत, लॉरेन्स हॉइट आणि मेल्विन काफ्का या दोघांनी अमेरिकेतील ब्रिजपोर्ट गावी दिवसाला ३ सेंट भाड्याने पुस्तके द्यावयास आरंभ केला. मोठमोठ्या पेढ्यांच्या एखाद्या कोपऱ्यात कपाट मांडावयाचे, एवढेच भांडवल. म्हणजे आपली सर्क्युलेटिंग लायब्ररीच! एका वर्गणीत घरातल्या पाच जणांनी तीसचाळीस दिवाळी अंक फस्त करायचे, ही कला अवगत असलेल्या वाचकांना त्यातले मर्म निराळे सांगावयास नको. १९४८ पर्यंत अशी अडीचशे ठिकाणे झाली.

परंतु १९३९ पासून तिकडे २५ सेंटांत कागदी बांधणीची पुस्तके मिळू लागली होती. नऊ दिवस भाडे भरले की २७ सेंट होतात. हा हिशेब चौथीतला मुलगाही करील. भाड्याचा धंदा बसत चालला.

त्याच सुमारास तिकडची वस्ती शहराबाहेर पसरत होती. १९५६ साली मिनियापोलिसजवळ एडायना येथे साउथडेल नावाचा, छपराखाली बंदिस्त असा पहिला मॉल उघडला. बाहेर हिमवर्षाव होवो की ऊन तापो, आत बारमाही एकच ऋतू. वॉल्डनने हे वारे ओळखले आणि १९६२ साली पिट्सबर्गच्या नॉर्थवे मॉलमध्ये पुस्तके विकण्याचे पहिले दुकान थाटले. चार वर्षांनी साउथडेलवाल्या डेटन घराण्याने एडायनातच बी. डाल्टन ही प्रतिस्पर्धी पेढी काढली.

या दुकानांचे खरे श्रेय मी एका गोष्टीला देतो. तेथे आत शिरावयास धीर लागत नसे. मुलासाठी बूट घ्यावयास आलेली बाई जाता जाता आत डोकावे आणि कादंबरी घेऊन बाहेर पडे. जुन्या ग्रंथविक्रेत्याच्या चष्म्यावरून येणारी ती जोखणारी नजर येथे नव्हती. १९८१ साली अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत दुकान असलेली वॉल्डन ही पहिली पुस्तकपेढी ठरली. पुढे दुकाने हजारावर गेली.

मात्र डाल्टनने संगणक आणला. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक. गल्ल्यावर विक्री झाली की तिची नोंद मुख्य कचेरीत. कोणते खपते, कोणते पडून आहे, सारे कागदावर. जे पडून असेल त्याची पाठवणी! मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. माझी पहिली आवृत्ती संपावयास अकरा वर्षे लागली, म्हणून हे वाचताना पोटात गोळा आला. त्या संगणकाने मला एक महिना तरी फळीवर उभे राहू दिले असते काय?

पुढे मालक बदलत गेले. १९८४ मध्ये वॉल्डन केमार्टने घेतली, १९८६ मध्ये डाल्टन बार्न्स अँड नोबलने. त्यानंतर आली ती अजस्र दुकाने : लाखभर पुस्तके, बसावयास खुर्च्या, वर कॉफी. मॉलमधला गाळा लहान आणि भाडे जबर. तो काय टिकाव धरणार? १९९५ मध्ये अॅमेझॉन घरबसल्या पुस्तके विकू लागली. वॉल्डन तोवर बॉर्डर्स या बड्या दुकानाच्या दावणीला बांधली गेली होती, आणि या बॉर्डर्सने २००१ साली आपली संगणकावरील विक्री चक्क अॅमेझॉनच्याच हवाली केली! याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. २०११ च्या फेब्रुवारीत बॉर्डर्सने दिवाळे जाहीर केले. सप्टेंबरात शेवटची दुकाने मिटली, आणि त्यांबरोबर वॉल्डनही.

डाल्टनचा अंत त्याआधीचा. मेक्सिकोच्या सरहद्दीवर टेक्सासात लारेडो नावाचे शहर आहे, वस्ती सुमारे अडीच लाख. २०१० च्या जानेवारीत तेथील मॉलमधले डाल्टन बंद झाले आणि गावात पुस्तकांचे दुकान उरले नाही. जवळचे दुकान सॅन अँटोनियोला, दीडशे मैलांवर. दुकान राहू द्या म्हणून शाळेतल्या पोरांनी कंपनीला पत्रे लिहिली होती.

ही पत्रांची हकीकत मी आमच्या सातवीच्या वर्गात सांगितली आणि पत्रलेखनाला तोच विषय दिला : ‘आपल्या गावातील पुस्तकांचे दुकान बंद करू नये, अशी विनंती करणारे पत्र लिहा.’ पोरे वह्या उघडून बसली. कोणाचीच लेखणी चालेना. अखेरीस मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“गुरुजी,” ती म्हणाली, “आपल्या गावातलं कोणतं दुकान?”