हँडल, धक्का, किक आणि सेल्फ : न फिरणाऱ्या इंजिनाचा इतिहास
(थ्रेड)

किल्ली फिरवली, 'टक्' असा आवाज आला आणि इंजिन ढिम्म. अशी गाडी भोसरीच्या वा चिंचवडच्या गॅरेजात नेली, की पहिला प्रश्न येतो : सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, की सेल्फच फिरत नाही? या दोन तक्रारी मुळातच निराळ्या. पहिलीत दोष बहुधा इंधनाचा वा ठिणगीचा असतो. दुसरीत इंजिनाला पहिला फेरा देणारी शक्तीच तोकडी पडलेली असते. ही शक्ती कोणी द्यायची, या प्रश्नाला शतकाहून मोठा इतिहास आहे.

वाफेचे इंजिन वाफ सोडताच हलते, विजेची मोटर प्रवाह मिळताच फिरते. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला मात्र आधी हवा ओढून दाबावी लागते, त्यानंतरच स्फोट होतो. म्हणजे इंजिन फिरावे यासाठी ते आधी फिरलेले असले पाहिजे. हा पहिला फेरा प्रारंभी माणसाच्या दंडाने दिला.

बंपरखालून लोखंडी हँडल खुपसून ते जोराने फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट उसळी घेई आणि हँडल मनगट मोडी. म्हणून जाणते चालक अंगठा मुठीभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवीत. हा धडा अॅम्बेसेडरच्या काळापर्यंत आपल्याकडेही दिला जाई, कारण त्या गाडीबरोबर हँडल येत असे.

उत्तर सापडले ते गल्ला मोजण्याच्या यंत्रात. अमेरिकेतील डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीसाठी विजेवर चालणारे गल्लायंत्र घडवले होते. त्यातली मोटर लहान होती, पण तिला क्षणभरच जोर लावायचा होता. सतत चालणाऱ्या मोटरला जो भार जाळून टाकील, तो काही सेकंद सोसणे छोट्या मोटरलाही जमते, हे त्यांनी हेरले. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत हा सेल्फ स्टार्टर बसला. काही सेकंदांची ही मर्यादा आजही तशीच आहे. बंद गाडीवर मिनिटभर सेल्फ मारत राहणारा माणूस स्वतःच्या हाताने त्याची वाइंडिंग भाजत असतो.

सेल्फ आला तरी माणसाची सुटका झाली नाही. महाराष्ट्राला हे एसटीने शिकवले. बॅटरी उतरलेली बस प्रवाशांनी उतरून ढकलायची, किंवा चालकाने ती आदल्या रात्री उतारावरच लावून ठेवायची. यामागे यंत्राचे कारण होते. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, आणि त्याचा इंधनपंप इंजिनाच्याच फिरण्यावर चाले. चाके फिरली, क्लच सोडला, की काम फत्ते.

आकुर्डीच्या बजाज ऑटोने तेच काम पायाकडे दिले. पियाजिओशी झालेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोवर ठिणगी पडत असल्याने चालू होण्यासाठी तिला बॅटरीची गरजच नव्हती. किक मारूनही चालू न झालेली स्कूटर तिरकी करण्याचा विधी घरोघरी चाले. त्याने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल किंचित अधिक उतरत असावे; पण श्रद्धेचा वाटाही कमी नव्हता. पुढे १९८० च्या दशकात फिरोदियांच्या कायनेटिक होंडाने बटण दिले आणि साडीतल्या स्त्रीचा किकशी असलेला झगडा संपवला.

१९९८ मध्ये टेल्कोची इंडिका पिंपरीतून बाहेर पडली तेव्हा मोटारीत सेल्फ गृहीतच होता. मात्र डिझेल इंडिकाने त्याच्यावर भार वाढवला : पेट्रोल इंजिन हवा नऊ-दहा पट दाबते, तर डिझेल सुमारे वीस पट.

गॅरेजातली सर्वांत मोठी गैरसमजूत येथेच भेटते. "लाइट लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे." हेडलाइटचा एक दिवा साधारण साडेचार अँपिअर घेतो, सेल्फला शंभराहून अधिक लागतात. दिवे उजळवणारी बॅटरी सेल्फपुढे गुडघे टेकू शकते. म्हणून जुनी परीक्षा अशी : हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी कमकुवत, टर्मिनल सैल, किंवा सेल्फ वा इंजिन जॅम. दिवे तसेच लख्ख राहिले, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. मग सोलेनॉइड, किल्लीचा स्विच, क्लचचा स्विच आणि तारा पाहायच्या.

मीटर हाती असेल तर अधिक बरे. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते, बाराच्या खाली ती जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला, तर तिचे आयुष्य संपत आले आहे. पण नवी बॅटरी विकत घेण्याआधी इंजिनाची अर्थिंगची पट्टी आणि टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी पाहावी. पावसाळ्यात कित्येक धडधाकट बॅटऱ्या या बुरशीमुळे बदलल्या जातात.

चाकणला फोक्सवॅगनसारखे कारखाने आले, तेव्हा ही परीक्षाही अपुरी पडू लागली. २००९ पासून तेथून निघालेल्या पोलोसारख्या गाड्यांत इमोबिलायझर किल्लीतली चिप ओळखतो. ओळख पटली नाही तर काही गाड्या सेल्फच फिरू देत नाहीत. काही चालू होऊन क्षणात बंद पडतात. बॅटरी उत्तम, सेल्फ उत्तम, तरी गाडी नकार देते. तो नकार वाचायला स्कॅनर लागतो, आणि तो परवडत नसलेल्या रस्त्यावरच्या कारागिराच्या हातून असे काम सुटते. त्याचे कौशल्य कमी झालेले नसते. दोष कानाला ऐकू येईनासा झालेला असतो.

जून २०२२ मध्ये आकुर्डीतच बजाजने विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू केला. या चेतकला किक नाही, सेल्फ नाही, फिरवायला इंजिनच नाही. विजेवरच्या मोटारींतही तेच. मात्र त्यांत मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक लहान बॅटरी बहुधा असतेच, आणि मोठ्या बॅटरीचा प्रवाह जोडणारे स्विच तिच्याच जोरावर मिटतात. ती उतरली, की शेकडो किलोमीटरचा चार्ज पोटात असूनही मोटार जागी होत नाही, आणि मेकॅनिक पुन्हा मीटरची टोके बारा व्होल्टच्याच टर्मिनलांना लावतो.