प्रशीतन अभिकल्पाची गणिती तपासणी
मोठ्या प्रशीतन संयंत्राचा अभिकल्प उभारणीपूर्वी केवळ आकडेमोडीने पडताळण्याची पद्धती. उष्णता-एंजिनाच्या कार्यक्षमतेस निसर्गतःच मर्यादा असते, हे फ्रेंच अभियंते सादी कार्नो (१७९६–१८३२) यांनी १८२४ मध्ये दाखविले. हेच चक्र उलट चालविल्यास प्रशीतनाची मर्यादा मिळते. जर्मन अभियंते कार्ल फोन लिंडे (१८४२–१९३४) यांनी १८७०-७१ मध्ये प्रशीतनाचे गणित लेखांतून मांडले. त्यांचे अमोनियावर चालणारे यंत्र त्यानंतर, १८७६ मध्ये तयार झाले.

नाशवंत मालाच्या बाबतीत ही पद्धती विशेष महत्त्वाची ठरते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात संगमनेर, कोपरगाव इ. तालुक्यांत सहकारी दुग्धव्यवसाय वाढला आहे. संयंत्र अपुरे असल्याचे दूध नासल्यावर कळले, तर नुकसान उत्पादकाचे होते. उदा., १०,००० लि. दूध ४ तासांत ३५° से. वरून ४° से. पर्यंत थंड करण्यास सु. ८७ किवॉ., म्हणजे सु. २५ टन प्रशीतनक्षमता लागते. बाष्पित्राचे तापमान −२° से. व संघनित्राचे ४०° से. असल्यास कार्यमान गुणांक ६·५ पेक्षा अधिक असूच शकत नाही. तसा दावा करणारा अभिकल्प कागदावरच त्याज्य ठरतो.

मात्र मर्यादेत बसणारा अभिकल्प यशस्वी होईलच, असे नाही. नळ्यांवर साचणारे क्षार, वायुगळती, विजेचा कमी दाब यांचा परिणाम प्रत्यक्ष चालू संयंत्रातच पूर्णपणे दिसतो. गणिताने सदोष अभिकल्प वेळीच नाकारता येतो; निर्दोषत्वाची खात्री मात्र उभारणीनंतरच्या चाचणीनेच होते.